बागेत मांजरांसाठी अल्ट्रासॉनिक यंत्र लावलं, त्याची हकीकत

"ते यंत्र खरंच चालतं का गं?" असं मला गेल्या काही महिन्यांत इतक्या जणींनी विचारलंय की एकदाच नीट लिहून ठेवते. ते यंत्र म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीच्या (अल्ट्रासॉनिक) आवाजाने मांजरांना बागेतून पळवणारं खोकं. उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि यंत्र विकत घेणं हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग होता.

आमचं घर इंग्लंडमधल्या बर्कशायरमध्ये. सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याला जोडलेली, मागे लांबुळकी बाग, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचं कुंपण आणि टोकाला प्रिव्हेटच्या झुडपांची जुनी, दाट हेज, म्हणजे झाडांचंच कुंपण. त्या हेजमध्ये चिमण्या राहतात. रॉबिन आहे, ब्लॅकबर्डचं जोडपं आहे, ब्लू टिट येऊन-जाऊन असतात, पण हेज चिमण्यांची. वाईला सासरच्या वाड्यात आरशावर चोची मारणारी चिमणी तीच ही, जातसुद्धा तीच. इथेही ती कमी झाली आहे आणि पक्ष्यांच्या रेड लिस्टवर, म्हणजे सर्वाधिक काळजीच्या यादीत आहे. त्यामुळे सकाळी सहाला तो कलकलाट सुरू झाला की मी चिडत नाही.

२०२५ च्या जानेवारीत, २४ ते २६ या तारखांना, आरएसपीबी या पक्षी-संरक्षण संस्थेची बिग गार्डन बर्डवॉच, म्हणजे बागेतल्या पक्ष्यांची गणना होती. ही गणना १९७९ पासून चालू आहे. नियम सोपा: तासभर बसायचं आणि प्रत्येक जातीचे एका वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले तेवढाच आकडा लिहायचा. नाहीतर तीच चिमणी दहादा मोजली जाते. आमचा लेक, वय वर्षं तेरा, वही घेऊन बसला. दहाएक मिनिटांत शेजारचा तांबूस बोका कुंपणावरून चालत आला, पक्ष्यांना दाणे ठेवतो त्या फीडरच्या बरोबर खाली अंग पसरून बसला आणि बसूनच राहिला. त्याने काही मारलं नाही, झडप घातली नाही. पण उरलेला वेळ बाग रिकामी. लेकाने फॉर्म भरताना विचारलं, "आई, मांजराचा रकाना कुठाय?"

तिथून मी वाचायला लागले. मला आधी वाटायचं, प्रश्न मांजराने मारलेल्या पक्ष्यांचा आहे. तोही आहेच. ब्रिटनमध्ये १९९७ साली मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीची नोंद ठेवून एक मोठी पाहणी झाली होती, तिच्यावरून पाच महिन्यांत २ कोटी ७० लाख पक्षी असा अंदाज निघाला. पण आरएसपीबी स्वतःच सांगते की मांजरांमुळे देशभरातली पक्ष्यांची संख्या घटते आहे असा स्पष्ट पुरावा नाही. मला जास्त लागलं ते शेफील्डमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये छापलेलं काम. त्यांनी ब्लॅकबर्डच्या घरट्यांजवळ पेंढा भरलेलं मांजर फक्त पंधरा मिनिटं ठेवलं आणि उचललं. त्यानंतर दीड तासभर आईबापांनी पिलांना भरवण्याच्या फेऱ्या सुमारे एक तृतीयांशाने कमी केल्या. शिवाय त्यांच्या आरड्याओरड्याने घरट्याचा पत्ता कावळ्यांना आणि त्यांच्याच कुळातल्या मॅगपायना लागला. म्हणजे मांजर काही न करता नुसतं बसलं तरी पिलं उपाशी. आमच्या तांबूस बोक्याचा तर बसण्यातच हातखंडा होता.

पुढचं काम म्हणजे आपण काय करू शकतो आणि काय नाही ते बघणं. सासूबाईंनी फोनवर लगेच उपाय सांगितला: "मिरचीपूड टाक गं कुंपणावर." अहो आई, इथे तसं केलं तर मीच आत जाईन. ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट, २००६ प्रमाणे कुठल्याही पाळीव प्राण्याला विनाकारण यातना देणं गुन्हा आहे, आणि मिरचीपूड पंजाला लागून डोळ्यात गेली तर ती यातनाच. उलट मांजर तुमच्या बागेत शिरलं म्हणून मालकाला जबाबदार धरता येत नाही. इथला कायदा मांजराला फिरस्ताच मानतो. गाडीखाली कुत्रा आला तर पोलिसांना कळवणं सक्तीचं, मांजर आलं तर नाही! पण तेच मांजर कायद्याने मालकाची मालमत्ता आहे, त्यामुळे उचलून लांब नेऊन सोडलं तर ती चोरी ठरू शकते. गळ्यात पट्टा नाही म्हणून बेवारस समजू नका. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजरांना कातडीखाली मालकाची ओळख देणारी मायक्रोचिप सक्तीची झाली आहे.

मग उरतं काय? पाणी उडवणारे स्प्रिंकलर, काटेरी फांद्या आणि अल्ट्रासॉनिक यंत्र. स्प्रिंकलरला बाहेरचा नळ सतत चालू ठेवावा लागतो आणि आमच्याकडे पाण्याला मीटर आहे. म्हणून यंत्र.

त्याचं तत्त्व असं. आवाजाची पट्टी किलोहर्ट्झमध्ये मोजतात; माणसाला वीस किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, आणि वय वाढेल तसं त्याच्या खालचंही जातं. कुत्र्याचा कान पंचेचाळीसपर्यंत जातो, मांजराचा पंच्याऐंशीपर्यंत. पक्ष्यांचा कान मात्र याबाबतीत आपल्याहून तोकडा, बहुतेकांचा दहाच्या आतच संपतो. म्हणजे वीसच्या थोडा वर कर्कश आवाज काढला तर मांजर वैतागेल आणि चिमणीला पत्ताही लागणार नाही. यंत्राच्या तोंडाशी उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. गरम अंगाचं काही हललं की आवाज सुरू, गेलं की बंद.

चालतं का? आरएसपीबीच्या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या बागांमध्ये दोन लांबलचक चाचण्या घेतल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. आपल्या बागेतलं यंत्र चालू आहे की नुसतं खोकं, हे निरीक्षण करणाऱ्यांना माहीत नव्हतं. पहिल्या चाचणीत मांजरांचं येणं कमी झालंच नाही. दुसऱ्या, जास्त काळ चाललेल्या चाचणीत ते सुमारे ३२ टक्क्यांनी घटलं. पण बागेत रेंगाळण्याचा वेळ दोन्हींत घटला, एकदा ३८ आणि एकदा २२ टक्क्यांनी. आणि जसजसे आठवडे गेले तसा परिणाम वाढला. पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये अशीच चाचणी झाली, तिच्यात येण्याच्या फेऱ्या ४६ टक्क्यांनी आणि थांबण्याचा वेळ ७८ टक्क्यांनी कमी झाला. नवरा म्हणाला, "बत्तीस टक्क्यांसाठी साठ पौंड?" मी म्हटलं, फेऱ्यांचं सोड, वेळेचा आकडा बघ. मला मांजर गायब व्हायला नकोच होतं, त्याने तिथे बैठक मारायला नको होती.

आता कागदपत्रं. यंत्र कुंपणाच्या खांबाला लावायचं तर ते कुंपण कुणाचं? "डावीकडचं आपलं" असं इथे सगळे छातीठोक सांगतात, पण तसा कायदा मुळीच नाही. खरं उत्तर असलंच तर घराच्या नोंदणीच्या कागदांत. एचएम लँड रजिस्ट्री म्हणजे घर-जमिनीच्या मालकीची नोंद ठेवणारं कार्यालय, त्याच्या सरकारी संकेतस्थळावरून टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) आणि टायटल प्लॅन (नकाशा) मागवले, प्रत्येकी सात पौंड. डिसेंबर २०२४ पर्यंत हेच तीन पौंडांना मिळायचं. एक सांगते, गूगलवर शोधलं की आधी दिसतात ते बहुतेक मधले दलाल असतात, तीच पीडीएफ कितीतरी जास्त पैशांना देतात. पत्ता gov.uk चाच आहे याची खात्री करा. पीडीएफ लगेच आली. नकाशावर ज्या बाजूला इंग्रजी 'टी'सारखी खूण असते त्या बाजूचं कुंपण त्या घराचं. आमच्या नकाशावर कुठल्याच बाजूला खूण नव्हती आणि रजिस्टरमध्ये कुंपणाबद्दल अवाक्षर नाही. हेही अगदी नेहमीचं आहे म्हणे. चौदा पौंड देऊन मला एवढं कळलं की कुणालाच माहीत नाही. शेवटी आमच्याच मातीत एक लाकडी खुंटी ठोकायची ठरवली. तिला कुणाची परवानगी लागत नाही.

शेजाऱ्यांशी बोलणं मात्र मी यंत्र विकत घेण्याआधी उरकलं, आणि हा टप्पा कुणीही गाळू नये. मला त्याचं फार दडपण होतं. या देशात माणसं एकमेकांच्या मुलांबद्दल एक वेळ बोलतील, मांजराबद्दल बोललेलं खपत नाही. फेब्रुवारीच्या एका रविवारी नानकटाईचा डबा घेऊन तांबूस बोक्याच्या घरी गेले. तक्रार करायची नाही हे पाठ करून गेले होते. "तुमचा बोका आमच्याकडे रोज येतो, आम्हालाही आवडतो, पण घरट्यांचा हंगाम येतोय, तेवढ्यापुरतं असं एक यंत्र लावतेय, त्याला इजा होत नाही," एवढंच बोलले. त्या बाई साठीच्या. त्यांनी आधी भुवया उंचावल्या, मग यंत्राची चित्रं स्वतःच नीट पाहिली आणि विचारलं, "माझ्या घराच्या दिशेला तोंड करणार नाही ना?" रास्त प्रश्न. स्वतःच्या घरात झोपलेल्या मांजराला हा आवाज ऐकू येता कामा नये. दुसऱ्या बाजूच्या कुटुंबात कुत्रा होता, त्यांनीही हेच विचारलं. कुत्र्यालाही तो आवाज ऐकू जातो.

खरेदी करताना दोन प्रकार दिसतील. स्वस्तातल्या यंत्रांवर बहुधा एक गोल खटका असतो, त्याने आवाजाची पट्टी बदलता येते आणि ती तेरा-साडेतेरा किलोहर्ट्झपासून सुरू होते. तो आवाज मुलांनाच काय, मोठ्यांनाही ऐकू येतो. काहींवर भगभगणारा दिवाही असतो, तो रात्री समोरच्यांच्या बेडरूममध्ये. मी एकाच ठरावीक पट्टीत, एकवीस ते तेवीसच्या दरम्यान चालणारं, दिवा नसलेलं घेतलं. साधारण पासष्ट पौंड. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं, पण मांजरांची ये-जा जास्त असली तर बॅटरी काही आठवड्यांत बसते, म्हणून पंधरा पौंडांचा अडॅप्टर वेगळा घेतला आणि वायर शेडमधून काढली. शिवाय पंचेचाळीस पौंडांचा ट्रेल कॅमेरा, म्हणजे हालचाल झाली की आपोआप चित्रण करणारा. नवऱ्याच्या मते ही चैन होती, पण कॅमेऱ्याशिवाय यंत्र चालतंय की नाही हे कळायला मार्गच नाही. आपल्याला ऐकू येत नाही आणि मांजरं आपल्यासमोर येत नाहीत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात यंत्र लागलं. जागेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण "आमच्याकडे चाललं नाही" म्हणणाऱ्यांची बरीचशी रड इथेच असते.

उष्णता ओळखणारा सेन्सर समोरून सरळ चालत येणाऱ्या प्राण्यापेक्षा आडवा जाणारा प्राणी लवकर पकडतो. म्हणून यंत्राचं तोंड मांजराच्या वाटेच्या दिशेने नको, वाटेला काटकोनात हवं. मांजरं ठरलेल्या वाटेनेच येतात. आठवडाभर कॅमेरा लावून मी ती वाट आधी शोधली: कुंपणाचा एक खांब, शेडची मागची बाजू, तिथून हेजच्या बुडाशी. खुंटीवर यंत्र जमिनीपासून वीतभर उंच, मांजराच्या तोंडाच्या पातळीला. दुसरं म्हणजे हा आवाज सरळ रेषेत जातो आणि कशाच्याही आरपार जात नाही. मध्ये कुंडी आली, खुर्ची आली, एप्रिलमध्ये डॅफोडिलची पानं वाढली की त्यांच्या मागे शांतता. दर शनिवारी समोरचं गवत कापायचं हे काम लेकाकडे दिलं. तिसरं, तोंड वर करायचं नाही. आमच्याकडे संध्याकाळी वटवाघळं फिरतात, छोटी पिपिस्ट्रेल. त्यांचे आवाज पंचेचाळीस किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे यंत्राच्या बरेच वर. पण मोठी नॉक्ट्यूल वीस-पंचवीसच्या पट्टीत बोलतात. इथे वटवाघळांना कायद्याचं कडक संरक्षण आहे, त्यांच्या वस्तीला त्रास देणं हा गुन्हा. तेव्हा घराच्या वळचणीकडे यंत्र रोखू नका.

यंत्र चालू आहे का हे तपासायची युक्ती मला लेकाने दाखवली. फोनवर ध्वनीचा आलेख दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्यायचं. बहुतेक फोनचा माइक चोवीस किलोहर्ट्झपर्यंतचं काही ना काही टिपतो. आम्ही दोघं बागेत उकिडवे बसलो, मी यंत्रासमोर हात हलवला. बारीकसा लाल ठिपका लागला, कानाला काही नाही, आणि फोनच्या पडद्यावर पार उजव्या टोकाला, एकवीसच्या पुढे, एक उंच सुळका उभा राहिला. हात काढला, सुळका गेला. लेक मात्र म्हणाला, "मला कानात टोचल्यासारखं होतंय, अगदी जवळ गेलं की." मी त्याला डोळे मिटायला लावून खात्री केली. यंत्र चालू केलं की प्रत्येक वेळी तो बरोबर सांगत होता. मीटरभर अंतरावर जाणवायचं, तीन-चार मीटरवर नाही. हे तेव्हाच वहीत टिपून ठेवलं, ते पुढे कामाला आलं.

मार्चभर काही घडलं नाही. खरं म्हणजे पहिल्या आठवड्यात बोका जास्तच वेळा आला, यंत्रासमोर थांबून कान मागे पाडायचा, मान वाकडी करून त्याच्याकडे बघायचा. नवरा रोज सकाळी चहा घेताना "आले का तुमचे पासष्ट पौंड?" म्हणायचा. मी आरएसपीबीच्या चाचण्यांमधल्या त्या वाक्याला धरून होते, की परिणाम आठवड्यांनी वाढतो. एप्रिलच्या मध्यापासून चित्रफितींत फरक दिसू लागला. बोका कुंपणावर यायचा, उतरायचा, शेडपाशी पोचायचा आणि तिथून वळून परत. फीडरखालची बैठक बंद. एक राखाडी पट्ट्यांची भाटी होती, ती तर येईनाशीच झाली. येणं थांबलं नाही, थांबणं थांबलं.

फक्त एक पांढरं मांजर अपवाद. मे महिन्यात ते नव्यानेच दिसायला लागलं, आणि यंत्राच्या पुढ्यात बसून अंग चाटायचं. लाल ठिपका लागलेला, यंत्र कोकलतंय, आणि हे आपलं मागचा पाय वर करून निवांत. तोपर्यंत सासूबाई वाईहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या काठी घेऊन "शुक् शुक्" करत गेल्या, तरी त्याने मान वळवली नाही. अगदी जवळ गेल्यावर मात्र दचकून पळालं. आई आत येऊन म्हणाल्या, "अगं, ते ठार बहिरं आहे." कॅमेऱ्याच्या फितीत डोळे पाहिले, दोन्ही निळे. पांढऱ्या, दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांत जन्मतः बहिरेपण फार आढळतं, अर्ध्याहून कितीतरी जास्त मांजरांत. म्हातारी मांजरंही हळूहळू बहिरी होतात. जगातलं कुठलंही अल्ट्रासॉनिक यंत्र त्यांच्यापुढे हात टेकेल.

त्याचं घर शोधायला वेळ लागला. शेवटी दोन गल्ल्या पलीकडे, खिडकीत बसलेलं सापडलं. मालकीण तरुण मुलगी, नुकतीच राहायला आलेली. "हो, त्याला काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली, "म्हणून तर मला रस्त्याची भीती वाटते." मग आमचं बोलणं सोपं झालं. पहाटे आणि संध्याकाळी, सूर्योदयानंतर तासभर आणि सूर्यास्ताआधी तासभर, त्याला घरात ठेवायचं तिने कबूल केलं. तिला मी एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ मधल्या संशोधनाबद्दल सांगितलं. मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि मालकाने रोज पाच-दहा मिनिटं शिकारीसारखा खेळ खेळल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घुंगराचा त्या अभ्यासात काही ठळक फायदा दिसला नव्हता. खेळ तिला पटला. महागडं खाणं परवडेल का याबद्दल ती गप्प राहिली, मीही ताणलं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ब्लॅकबर्डची पिलं घरट्यातून उतरली. ही पिलं साधारण दोन आठवड्यांची झाली की बाहेर पडतात, पण पुढचा आठवडाभर त्यांना धड उडता येत नाही. जमिनीवरच, झुडपाखाली बसतात आणि आईबाप तिथे येऊन भरवतात. "पडलेलं पिल्लू" म्हणून उचलून आणू नका, ते पडलेलं नसतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. एक पिलू हेजच्या बुडाशी, तपकिरी ठिपक्यांचं, शेपटीचा नुसता कोंब, चोचीच्या कडा अजून पिवळ्या. नराने "टिक टिक टिक" असा गजर सुरू केला तेव्हा शेडच्या कोपऱ्यावर बोक्याचं डोकं दिसलं. पोट जमिनीला टेकलेलं, मागचे पाय आत घेतलेले. लाल ठिपका लागला. त्याचे कान आडवे झाले, एक पाय उचललेला तसाच राहिला, मग त्याने मान झटकली आणि आल्या वाटेने कुंपणावर चढला. मिनिटभरही झालं नसेल. नर आणखी थोडा वेळ ओरडत राहिला, मग गवतात उतरून गांडूळ ओढायला लागला. आई मागून म्हणाल्या, "चालतंय की गं तुझं डबडं."

त्या दिवशी मी हेजच्या बुडाशी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी आणि पायराकँथाच्या काटेरी फांद्याही खोचल्या, कारण हेजच्या आत यंत्राचा आवाज पोचत नाही हे माहीत होतं. फांद्या खोचताना नुसतं वरवर करायचं. घरटं चालू असताना हेज कापून किंवा कसंही जाणूनबुजून घरट्याला धक्का लावणं बेकायदेशीर आहे, मार्च ते ऑगस्ट कात्री लांब ठेवलेली बरी. फीडरही झुडपापासून दोनेक मीटर मोकळ्यात हलवला, दबा धरायला जागा राहिली नाही.

आणि मग जूनमध्ये काउन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं पत्र आलं.

लिफाफ्यावर शिक्का पाहूनच पोटात गोळा आला. पर्यावरण आरोग्य विभागाचं पत्र: तुमच्या पत्त्यावरून येणाऱ्या उंच पट्टीतल्या आवाजाबद्दल तक्रार आली आहे, अद्याप काहीही सिद्ध झालेलं नाही, तक्रारदाराला आवाजाची नोंदवही भरायला दिली आहे. तक्रारदाराचं नाव देत नाहीत. मागे एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्ट, १९९० चा उल्लेख आणि उपद्रव सिद्ध झाला तर नोटीस निघू शकते अशी ओळ. असं पत्र आलं तर घाबरू नका. ही पहिली पायरी आहे, ती सगळ्यांना जाते. मी त्याच दिवशी ईमेल केला: यंत्राचं माहितीपत्रक, किती पट्टीत चालतं, कुठे लावलंय त्याचा हाताने काढलेला नकाशा, शेजाऱ्यांशी कधी बोलले त्या तारखा, आणि लेकाला किती अंतरावर जाणवतं हेसुद्धा. ते लपवलं असतं तर पुढे अंगाशी आलं असतं.

मग तीन आठवडे काहीच नाही. ते दिवस वाईट गेले. रस्त्यात कुणी भेटलं की वाटायचं, हेच का? नवऱ्याचं मत होतं, काढून टाक, कटकट नको. मी दिवसा यंत्र बंद ठेवायला सुरुवात केली. टायमरचा प्लग आठ पौंडांना मिळाला. पहाटे चार ते आठ आणि संध्याकाळी सहा ते दहा एवढंच चालू. तसंही जूनच्या अखेरीच्या उष्णतेच्या लाटेत दुपारी यंत्राचा उपयोग नव्हता. आजूबाजूची जमीनच मांजराच्या अंगाइतकी तापली की सेन्सरला फरक कळत नाही.

जुलैत अधिकारी आले. पन्नाशीचे, सौम्य. यंत्रासमोर उभे राहून म्हणाले, "मला काही ऐकू येणार नाही हे मला माहीतच आहे." मी फोनवरचा सुळका दाखवला. त्यांनी स्वतःचा मीटर लावला, हद्दीपाशी जाऊन पुन्हा लावला, लेकाला दोन प्रश्न विचारले. म्हणाले, अशा प्रकरणात सामान्य माणसाला किती त्रास होतो हे बघतात, पण लहान मुलांचा कान वेगळा असतो, तेव्हा तोंड आणखी पंधरा-वीस अंश आत फिरवाल का? खुंटी असल्यामुळे ते पाच मिनिटांचं काम होतं. टायमरची वेळ त्यांनी लिहून घेतली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं: पुढील कारवाई नाही, प्रकरण बंद. फी वगैरे काही नाही.

सगळा खर्च मिळून दीडशे पौंडांच्या आसपास गेला, त्यातले चौदा कुंपण कुणाचं ते न कळण्यासाठी. कॅमेऱ्याच्या फिती पाहिल्या तर मार्चमध्ये बोका एका फेरीला दहा-पंधरा मिनिटं बसायचा, जुलैत मिनिटभरात परत. फेऱ्या थोड्याच कमी झाल्या. शास्त्रीय चाचणी म्हणायला हे पुरेसं नाही, एक बाग आणि तीन मांजरं. ती इथून उठून कुणाच्या बागेत जाऊन बसली हेही मी पाहिलेलं नाही. चिमण्यांची दुसरी वीण नीट बाहेर पडली एवढं पाहिलं.

पुण्याहून बहिणीने विचारलं, गॅलरीत बुलबुलाचं घरटं आहे, सोसायटीतली मांजरं येतात, लावू का? मी नको म्हटलं. भिंतींनी वेढलेल्या गॅलरीत आवाज परावर्तित होऊन घरभर फिरेल, खालच्या मजल्यावर कुत्रा आहे, वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे आणि त्या बाळाला काय ऐकू येतंय ते सांगता येणार नाही. बुलबुलाची पिलं दोन आठवड्यांच्या आत उडून जातात. तेवढे दिवस मांजर जिथून चढतं त्या कठड्याला जाळी बांध म्हटलं. सोसायटीची मांजरं कुणीतरी खायला घालतंच, त्यांच्या नसबंदीची व्यवस्था होते का ते त्या माणसाशी बोलून बघ. तेही पक्ष्यांच्याच उपयोगाचं.

यंत्र सप्टेंबरमध्ये काढलं, पुसून शेडमध्ये ठेवलं. वर्षभर लावून ठेवू नये असं माझं मत आहे. हिवाळ्यात घरटी नसतात, उगाच मांजरांना त्याची सवय लागायला नको. फेब्रुवारीच्या शेवटी परत लावायचं. डावीकडच्या घरात कुत्रेवाले जाऊन आता नवे भाडेकरू आलेत, त्यांना दोन लहान मुली आहेत. त्याआधी एकदा डबा घेऊन त्यांच्याकडे जायचंय, आणि मुलींना खुंटीपाशी उभं करून काही ऐकू येतंय का ते विचारायचंय.